नाही म्हणायला

वसतिगृहात तिला सगळ्याजणी पथ्येकाकू म्हणत. वय जेमतेम एकोणीस, पण काकूपण लग्नाआधीच आणि फुकटात पदरी पडलेलं. कारण इतकंच की तिला शेंगदाणे, दूध आणि अंडी चालत नसत.

आता 'चालत नाही' हा शब्द जरा जास्तच सभ्य आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरीचे लाड झालेत. एक दाणा पोटात गेला की हिचे ओठ टम्म फुगायचे, अंगभर गांधी उठायच्या आणि गळा असा आवळायचा की श्वासालाही आत यायला परवानगी लागावी. पण हे कुणाला सांगायला जावं तर समोरचा शहाणा म्हणायचा, "थोडं थोडं खाऊन बघ गं, सवय होते." जशी काही फासाचीही सवय होते! कुणी म्हणायचं, "खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी, असं वागू नये माणसानं." हिला तूपही बाधायचं. म्हणजे हिच्या नशिबी तुपाशी काय नि उपाशी काय, एकूण एकच.

सोडायला आली तेव्हा आईनं वसतिगृहाच्या दारातच बजावलं होतं, "पुन्हा एकदा दवाखान्यात गेलीस की सामान बांधायचं. घरी बसून परीक्षा द्यायची." आई शिलाईच्या कारखान्यात होती. तिचं बोलणं टाक्यासारखं, एकदा बसलं की उसवायचं नाही. पोरगी शिकत होती मातीचं शास्त्र. इथल्या प्रयोगशाळेत माती तपासायला मिळायची. घरी बसून नुसती माती खाता आली असती.

म्हणून राहायचं, आणि राहायचं तर जपून खायचं. बाजारात तिच्यासारख्यांसाठी खास पाकिटं मिळत. यात दूध नाही, अंडं नाही, दाणे नाहीत, असं वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. जे जे नाही त्याचेच पैसे जास्त. ती पाकीट उचलायची, किंमत बघायची आणि झोपलेल्या बाळासारखं अलगद परत ठेवून द्यायची. मग मेसमधला भात, साधी डाळ, उकडलेले बटाटे. बाजार उठताना भाजीवाली उरलेली गाजरं स्वस्तात द्यायची, ती कच्चीच.

एक शेगडी मिळाली तर आपलं आपण शिजवू, म्हणून ती रेक्टरबाईंकडे गेली. खोलीत स्वयंपाकाला बंदी होती.

"मेसचं जेवण तुला बाधतं याचा काही पुरावा?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पुरावा म्हणजे?"

"आजारी पडल्याचा दाखला. डॉक्टरांचा."

"बाई, दाखला मिळाला की आई मला घरी नेणार."

"मग तर प्रश्नच मिटला!" बाई प्रसन्न झाल्या. कुठलाही प्रश्न माणसासकट मिटवायची त्यांची हातोटी होती.

पुढं एका दुपारी मेसमध्ये वाटाण्याचा रस्सा होता. वास असा की बटाट्यांवर जगणाऱ्या जिवाचं वैराग्य सुटावं. आचारी भला माणूस, रोज विचारलं तरी रोज सांगायचा. मागं भांडी आपटत होती, डोक्यावर धूर ओढणारा पंखा घरघरत होता.

"काका, यात शेंगदाणे आहेत का?"

"नाही म्हणायला..." आचारी बोलू लागला. पुढचं पंख्यानं खाल्लं. काही ऐकू आलं असतं तरी तिनं ऐकलं असतं का, कोण जाणे. माणसाला हवा तो शब्द आधी मिळाला की बाकीच्या वाक्याची गरज उरत नाही. तिनं ताट भरून घेतलं.

चौथ्या घासाला ओठ जड झाले, सहाव्याला गळा. तिच्या खोलीतली ताई, जिनं काकू असं बारसं केलं होतं तीच, काकूच्या पिशवीत अशाच वेळेसाठी ठेवलेलं इंजेक्शन काढून धावली. डोळे गच्च मिटून तिनं सुई काकूच्या मांडीत खुपसली, आणि काकूपेक्षा मोठ्यानं स्वतःच ओरडली.

दवाखान्यात निजवल्यावर आचारी घामाघूम होऊन आला.

"पोरी, मी सांगितलं होतं की गं!"

"तुम्ही नाही म्हणालात, काका."

"मी नाही कुठं म्हणालो? नाही म्हणायला चार दाणे टाकलेत वाटणात, असं म्हणालो!"

पलंगाशी बसलेल्या ताईला हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडूही.

रेक्टरबाई संत्री घेऊन आल्या. खुर्ची जवळ ओढून अगदी मावशीच्या मायेनं म्हणाल्या, "दाखला काय, आता झालाच. कपडे धुवायची जुनी खोली रिकामी आहे, तिथं लाव शेगडी. फक्त घरी कळवू नकोस. उगाच आईच्या जिवाला घोर." घोर आईच्या जिवाचा नव्हता, वसतिगृहाच्या नावाचा होता. पण एवढी नाजूक गोष्ट आजाऱ्यासमोर कशाला बोलायची?

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "घे की पदरात. सांगायला वेड लागलंय का तुला?"

काकूनं उशाजवळचा फोन हातात घेतला. मग म्हणाली, "रोज मी लोकांना विचारते, यात काय काय आहे ते खरं सांगा. आणि आईनं मला विचारलं तर?"

तिनं फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडं शिलाईची यंत्रं खडखडत होती.

"सामान बांध," आई म्हणाली.

"घरी मला जेवायला कोण घालणार?"

"कोण म्हणजे? मी!"

"तू दिवसभर कारखान्यात. आत्या घालणार."

मागच्या सुट्टीत याच आत्यानं खिरीत दूध घालून वर शपथेवर सांगितलं होतं, "दूध कुठलं? पावडर आहे ती!" त्याआधी, "अंडं नाही गं, नुसतं पिवळं घातलंय."

"आई?"

"ऐकतेय." मग मोठा उसासा. "शेगडी धड आहे का ती? गळत नाही ना?"

"नाही."

"नुसतं नाही, की बघून नाही?"

"बघून सांगते."

"भांडी नवी घे. कुणाची मागून आणू नकोस. दुसरं इंजेक्शन लगेच घेऊन ठेव, आणि ते कसं टोचायचं ते त्या पोरीला डोळे उघडे ठेवून शिकव." फोन ठेवता ठेवता आई पुटपुटली, "तिथं निदान आत्या तरी नाही."

धुण्याच्या खोलीत पहिला भात शिजला. खाली करपला, वर कच्चा राहिला, मीठ दोनदा पडलं. ताईनं बोटानं चाखून तोंड वाकडं केलं.

"काकू, याच्यापेक्षा मेसचं बरं गं!"

"तुला बरं," काकू म्हणाली, आणि खरवडून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.