चौथ्या सामन्याचे शर्ट

"तीन जोड पुरे," असं म्हणत संघटनेच्या चिटणिसांनी पुरवठादाराच्या कागदावर सही ठोकली.

"आणि चौथा सामना, साहेब?" जकातमामांनी विचारलं.

"कुठला चौथा?"

"गट पार केला की असतो तो."

चिटणीस पोट धरून हसले. "मामा, परतीची तिकिटंसुद्धा तिसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची काढलीत. तुम्ही आपली टोपली सांभाळा."

हेच चिटणीस आदल्या दिवशी टीव्हीवर मूठ आपटून सांगत होते, की चषक घेतल्याशिवाय आपला संघ मायदेशी पाऊल ठेवणार नाही. ते ऐकून चषकाचे दोन्ही कान लाल झाले असतील.

जकातमामा राष्ट्रीय फुटबॉल संघाचे कपडे सांभाळत. धुणं, इस्त्री, पाठीवर नंबर चिकटवणं, सगळं स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या ओलसर खोलीत. सामना संपला की ते बोगद्याच्या तोंडाशी वेताची टोपली घेऊन उभे राहत आणि अंगातला शर्ट टोपलीत पडल्याशिवाय कुणालाही आत सोडत नसत. नाव पडलं ते त्यावरूनच. जगभरचे खेळाडू सामन्यानंतर शर्टांची अदलाबदल करतात; आपल्या पोरांना ती चैन नव्हती. एकदा एका पाहुण्या खेळाडूने आपल्या गोलकीपरचा शर्ट पळवला, तर मामा थेट त्यांच्या न्हाणीघरात शिरले आणि फेसाने माखलेल्या त्या गड्याकडून शर्ट वसूल करूनच बाहेर पडले. फेस दोघांच्याही अंगाला होता, असंही सांगणारे सांगतात.

अशा संघाला यंदा पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेचं दार उघडलं होतं. मामाही जाणार होते. मामींनी त्यांना नवे बूट घ्यायला लावले होते, आणि ते सैल व्हावेत म्हणून मामा जेवायलासुद्धा बूट घालूनच बसत.

घात केला जिभेने. एक बातमीदार कप्तानाला शोधत त्या खोलीत आला आणि कप्तान नाही म्हणून मामांनाच विचारून बसला, "काय मामा, कुठवर मजल मारेल आपला संघ?"

इतक्या वर्षांत मामांना हे कुणी विचारलंच नव्हतं. ते फुलले. "पोरं गट पार करतात की नाही बघा! साहेबांनी शर्ट तेवढे तीनच सामन्यांचे घेतलेत. पण हरकत नाही. मी आहे ना गोळा करायला. धुऊन चौथ्याला उभे करीन."

बातमीदाराने पुढचं गाळलं आणि मधलंच छापलं. 'संघटनेचा भरवसा तीन शर्टांपुरता!'

चिटणिसांनी बोलावून घेतलं. "मामा, तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"ठणठणीत आहे की, साहेब."

"नाही. बरी नाहीये."

मामांच्या जागी चिटणिसांचा मेहुणा विमानात बसला. त्याचं सोफ्यांचं दुकान होतं.

पहिला सामना संघ सपाटून हरला. "बरं झालं," मामा म्हणाले.

"लाज नाही वाटत?" मामी.

"वाटते ना. पण सगळी मीच एकट्याने वाटून घेऊ का?"

बोगद्याच्या तोंडाशी टोपली नव्हती. मेहुणा आपल्या पोरांचे शर्ट समोरच्यांना वाटत होता आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होता. दुसरा सामना बरोबरीत सुटला. शर्ट पुन्हा गेले. तिसरा मात्र पोरांनी जिंकला, आणि गट पार झाला! लोक रस्त्यावर येऊन नाचायला लागले. खेळाडू आनंदाने अंगातले शर्ट काढून प्रेक्षकांत भिरकावत होते आणि मामा टीव्हीसमोर घसा फोडून ओरडत होते, "अरे देऊ नका रे! शर्ट देऊ नका!"

चौथ्या सामन्याच्या सकाळी फोन वाजला. मेहुणा होता.

"मामा, जरा अडलंय. सरावाचे कोरे शर्ट आहेत, नंबर इथल्या बाजारात मिळाले. चिकटवताना इस्त्री किती गरम ठेवायची? आणि वर फडकं टाकायचं का?"

मामांच्या ओठांवर सगळं आलं होतं. फडकं सुती हवं, घडी नको, आणि गार होईपर्यंत नंबराला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "माझी तब्येत बरी नाहीये." आणि फोन ठेवून दिला.

"सांगायचं होतं," मामी म्हणाल्या.

"साहेबांनी सांगितलंय ना बरी नाहीये म्हणून? मग नाहीच."

पण चहा त्यांनी तसाच ठेवला. थोड्या वेळाने स्वतःच फोन लावला. तिकडे उचलायला कुणी नव्हतं. मेहुणा इस्त्री करत असणार.

सामना रंगला. पोरं अशी खेळली की मामा खुर्चीवरून खाली, जमिनीवर येऊन बसले. उत्तरार्धात कप्तानाच्या पाठीवरचा आठचा आकडा वरच्या कोपऱ्यातून सुटला. मग अर्धा लोंबला. मामा उठले आणि टीव्हीच्या काचेवर तळवा दाबून उभे राहिले.

"आत्ताच पुसलीय मी ती," मामी म्हणाल्या, पण हळू.

पंचांनी कप्तानाला नंबर नीट करायला रेषेबाहेर काढलं. मेहुणा दाताने चिकटपट्टी तोडत होता. तेवढ्यात आपल्या बाजूला एक माणूस कमी बघून समोरच्यांनी चेंडू रेटला आणि गोल केला. तेवढा एकच गोल झाला. कप्तान पाठीवर पट्ट्यांची फुली घेऊन परत आत आला, धावत राहिला आणि हरला.

विमानतळावर चिटणीस म्हणाले, पोरांनी इतिहास घडवला. नंबराचं कुणी विचारलं, तेव्हा म्हणाले, कपडे सांभाळणारा जुना माणूस ऐन वेळी आजारी पडला.

आठवड्याने शर्टांचं गाठोडं मामांच्या खोलीत आलं. धुऊन ठेवा, कार्यालयात काचेच्या कपाटात लावायचेत, असा निरोप होता. मामी डबा घेऊन आल्या तेव्हा मामा कप्तानाच्या शर्टावरचा चिकटपट्टीचा डिंक नखाने खरवडत होते.

"एवढं कशाला? कपाटात पाठ भिंतीकडे असणार."

मामांनी आठचा आकडा सरळ केला, त्यावर सुती फडकं पसरलं आणि इस्त्री टेकवली. मग इस्त्री उभी करून हात मागे बांधून थांबले. डबा निवला. शर्ट निवला. तेव्हा कुठे त्यांनी आकड्याच्या कोपऱ्याखाली नख घालून ओढून पाहिलं.

आकडा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढला, जोर लावून.