पितळी रिंग

एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकच्या छर्‍यांनी खेळायच्या लुटुपुटुच्या लढाईसाठी योउनी घरीच नकली रायफल बनवत होता. मार्चमध्ये तो वारला, तेव्हा आतली नळी बाहेरच्या नळीत घट्ट धरणारी पितळी रिंग तेवढी राहिली होती. उद्या त्याचा संघ ती रायफल घेऊन खेळणार होता.

त्याचे वडील ताउनो यांनी लेथ थांबवून रिंग नळीत सरकवली. ती सैल खडखडली. रिंगचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी करायचा म्हणून त्यांनी लेथचं पातं तेवढंच आत घेतलं होतं. पण फिरता तुकडा दोन्ही बाजूंनी कापला जातो, त्यामुळे पूर्ण मिलिमीटर गेला. कारखान्यात तीस वर्षं ते नव्या माणसांना हेच बजावत आले होते. दुसरं पितळ नव्हतं. त्यांना राग आला नाही, काहीच वाटलं नाही.

"काका, तुम्हीसुद्धा?" रायफल न्यायला आलेली संघातली साइला म्हणाली. तिने रिंगवर टेपचे दोन वेढे दिले. "योउनीचं तरी कुठे कधी नीट बसायचं! अख्खी रायफल टेपवर उभी आहे. उघडून बघा."

त्यांनी उघडली. आत जागोजागी निळी टेप होती आणि तिच्यावर अंगठ्याचे तेलकट ठसे. ताउनोंनी रिंग बसवली. ती हलली नाही. मग त्यांनी एकेक स्क्रू आवळायला घेतला.