तीन नंबरची खोली

हिंगोलीच्या वेशीबाहेरच्या हळदीच्या गोदामात कम्प्युटर सांभाळणाऱ्या शिवकन्येनं लिहिलेली पायथॉन स्क्रिप्ट आली आणि दारांवरची लाल चिंधी गेली. आधी कीड मारायला खोलीत विषारी गोळ्या ठेवल्या की कडीला चिंधी बांधत. आता स्क्रिप्ट डेटाबेसला जोडून घेई, तिथं खोलीच्या नंबरापुढं ‘बंद’ लिही, आणि दारावरचा हिरवा दिवा लाल होई. लाल झाला की राखणदार खेमानं बाहेरून कडी घालायची.

झाडणाऱ्या पारुबाईला तो दिवा फार आवडे. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची म्हातारी. अक्षर येत नव्हतं, रंग येत होते. "तुह्या दिव्याला इच्यारूनच पाय टाकते, माय," म्हणायची, आणि शिवकन्येच्या टेबलावर ओल्या हरभऱ्याची जुडी ठेवून जायची.

त्या दुपारी तीन नंबरच्या खोलीत गोळ्या ठेवून माणसं गेली. तेवढ्यात वीज गेली, आली, आणि स्क्रिप्ट अर्ध्यातच अडकली. शिवकन्येनं मग हातानंच एकेक ओळ टाकली. डेटाबेसला जोडलं, ‘बंद’ लिहिलं, परत विचारून पाहिलं. उत्तर आलं, बंद. तिचं मन निवलं.

बाहेर ऊन मात्र आजाऱ्याच्या डोळ्यासारखं पिवळं पडलं होतं. पत्र्यावर एकही पारवा नव्हता.

गोदाम सांभाळणारे वैजनाथकाका डोकावले. दिवा हिरवाच आहे, म्हणाले. नेट हळू असेल, ती म्हणाली. काका हसले. "पोरी, तुह्या कम्प्युटरचं अन् दिव्याचं भांडण झालं का? एक बंद म्हणून राहिला, एक उघडं."

तिनं पडद्यावरच्या आपल्या ओळी पुन्हा वाचल्या. लिहिलेलं पक्कं करायची ओळ, कमिट, स्क्रिप्टच्या शेवटी आपोआप यायची. हातानं करताना ती राहिली होती. तोवर बदल दिसतो तो फक्त आपल्याच जोडणीला. बाकी सगळ्यांना खोली उघडीच. तिनं घाईनं ओळ टाकली. खिडकीतून दिसलं, दिवा लाल झाला.

"पारुबाई कुठं हायेत, काका?"

काकांचं हसू ओठावरच वाळलं. झाडू घेऊन तिकडंच जाताना पाहिली, म्हणाले.

शिवकन्या धावत सुटली. हळदीची भुकटी उडू नये म्हणून पारुबाई झाडताना दार आतून लोटून घेते, हे तिला ठाऊक होतं. खेमा नवा होता. तो समोरूनच येत होता, कामात चोख.

"लाल झाल्याबराबर कडी घातली, ताई. दार लोटलेलंच व्हतं."

तिनं त्याला बाजूला सारलं. हळदीच्या वासाखालून गोळ्यांच्या वायूचा लसणासारखा उग्र दर्प फटीतून झिरपत होता. आत झाडू सरकत होता, सावकाश, थांबत, पुन्हा सावकाश. कडी घट्ट बसली होती.

आतला आवाज थांबला.

"पारुआजी, दाराकडं या," ती म्हणाली, आणि ओढणी नाकाला लावायचंही विसरून दोन्ही हातांनी कडी ओढू लागली.