त्याचं तो बोलला

तिच्या जिभेला हाड नाही, असं सगळे म्हणायचे, आणि ती ते कौतुक समजूनच ऐकायची. भाजीवाला असो की घरमालक, ती कोणाचंच ऐकून घ्यायची नाही. नवरा मात्र अगदी उलट. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा. एखाद्या अक्षरापाशी गाडी अडली की मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागायचा. म्हणून तो बोलणंच टाळायचा. फोन वाजला की बायकोच्या हातात द्यायचा. पत्ता सापडला नाही तर चार गल्ल्या जास्त तुडवायचा, पण कोणाला विचारायचा नाही.

"देवाने जोडा नीट जुळवलाय," सासूबाई म्हणायच्या. "ह्याच्या वाटणीचंही हीच बोलते."

तो एका फर्निचरच्या दुकानात रोजंदारीवर होता. कपाटं, पलंग, सोफे टेम्पोत चढवायचे, गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन जिन्याने वर न्यायचे, स्क्रू पिळून उभे करून द्यायचे. नेमणुकीचा कागद नाही, हजेरीचं पुस्तक नाही. मालक तोंडी म्हणेल तो हिशेब. शेवटच्या एकतीस दिवसांची मजुरी "पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात" करत थकली आणि एका सकाळी मालक म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. धंदा मंद आहे."

"आ-आणि पैसे?"

"बघू."

हे बघणं दीड महिना चाललं. शेवटी तिचा संयम सुटला. पदर खोचून ती दुकानात गेली आणि दोन गिऱ्हाइकांसमोर मालकाची खरडपट्टी काढली. मालक जागचा हलला नाही. हसून म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला तोंड नाही का? पैसे त्याचे आहेत ना, मग त्याला मागू दे."

घरी येऊन तिने हे रागारागाने सांगितलं. नवरा जेवत होता. हातातला घास तसाच ताटात ठेवून म्हणाला, "तू प-परत तिथे जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच कामगार कार्यालयात गेला आणि अर्ज लिहून देऊन आला. लिहिताना त्याचं काही अडत नसे. अक्षरही सुरेख. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्यानंतर तो रोज सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी धुळीने माखलेले पाय घेऊन परतायचा. काम शोधतोय, असं ती धरून चालली होती. तिने शिवणकामाची दोन गिऱ्हाइकं वाढवली आणि सासूबाईंपाशी कुरकुर केली, "दिवसभर पाय झिजवतात, पण हाताला काही लागत नाही."

तारखेला ती हट्टाने बरोबर गेली. खोलीत तीन टेबलं होती, फायलींचे ढीग होते आणि कुरकुरणारा पंखा. चष्मा कपाळावर चढवलेल्या अधिकारी बाई समोर बसल्या होत्या. मालक हिशेबनिसाला घेऊन आला होता.

"हा माझ्याकडे कामाला नव्हताच," मालक म्हणाला. "अधूनमधून पाच-सहा दिवस आला असेल. ते पैसे तेव्हाच रोख दिले."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

तिच्या ओठांवर दहा उत्तरं तयार होती. तिने तोंड उघडलं, तोच नवऱ्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मी... मी... मी बोलतो."

आणि तो अडला. मान ताठ झाली, डोळे मिटले. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. तिने जीभ दाताखाली दाबून धरली. आयुष्यात इतकं जड काम तिने कधी केलं नव्हतं.

मालक हसला. "बाई, असं चाललं तर इथेच मुक्काम करावा लागेल."

"तुम्हाला घाई असेल तर जा," बाई म्हणाल्या. "मजुरी टेबलावर ठेवा आणि जा. तुम्ही बोला हो, मला घाई नाही."

तो बोलला. मध्येमध्ये थांबत, पण एकही गोष्ट न गाळता. मग त्याने पिशवीतून एक पुठ्ठ्याची फाइल काढली. माल पोचवल्याच्या पावत्या. दुकानाचा शिक्का, तारीख, गिऱ्हाइकाची सही आणि खाली माल आणून देणाऱ्याची, म्हणजे त्याची स्वतःची. एक प्रत दुकानात राही, दुसरी गिऱ्हाइकाकडे. ह्या गिऱ्हाइकांकडच्या प्रती होत्या, दर दिवसाची एक.

"ति-तिसरा मजला, लिफ्ट बंद. ती-तीनदारी कपाट." त्याने एकेक पावती पुढे सरकवली. "ही शाळेतल्या बाईंची. जे-जेवणाचं टेबल."

सत्तावीस पावत्या झाल्या. ती बघतच राहिली. सत्तावीस अनोळखी दारं! प्रत्येक दारात उभं राहून आपण कोण, कशाला आलो, काय हवंय, हे ह्या माणसाने सांगितलं होतं? जो दुकानात दोन साबण मागायलासुद्धा तिला पुढे करायचा?

"सह्या काय, कोणीही ठोकेल," मालक म्हणाला.

"शिक्का तुमचाच ना? मग पुढच्या तारखेला तुमच्याकडचं पावतीपुस्तक आणा. ताडून बघू."

हिशेबनीस मालकाच्या कानाला लागला. मालकाचा चेहरा उतरला. घसा खाकरून तो म्हणाला, "ठीक आहे. सत्तावीस दिवसांचे देतो."

"ए... ए..." नवऱ्याचा शब्द पुन्हा अडला. सगळे थांबले. मालकही थांबला. "एकतीस. चा-चार घरांना कुलूप होतं. काम के-केलंय मी."

बाईंनी कागदावर एकतीस लिहिलं.

जिना उतरताना तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू ब-बरोबर आली असतीस."

हसावं की रडावं, तिला कळेना. पहिल्या दाराबाहेर तो अर्धा तास नुसता उभा होता म्हणे. एका घरात त्याला वेडा समजून दार आपटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, सगळं चिठ्ठीवर लिहून. पण चिठ्ठी खिशातच राहिली. तो बोललाच.

पैसे दोन हप्त्यांत आले. दुसऱ्यासाठी बाईंना कडक पत्र धाडावं लागलं. पावती देणाऱ्यांपैकीच एकाच्या ओळखीच्या सुताराने त्याला कामावर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने रोजाचा आकडा कागदावर लिहून मागितला.

ही कथा ती आता येईल त्याला ऐकवते. परवा शेजारणीला सांगताना तिने घरांचा आकडा साठावर नेला. सासूबाईंनीही मान डोलावली.

"ए-एकतीस," आतून आवाज आला. "सत्तावीस दारं उ-उघडली."