लोहाऱ्यातलं उणे चाळीस

"लोहाऱ्यात म्या बर्फ पाडणार! उत्तर ध्रुवावरला! आन् देखाव्यात पयला नंबर आला न्हाय, तर ह्याच चौकात बसून मिशी भादरून घेतो!"

वेल्डिंगवाल्या वीरभद्रनं चहाच्या टपरीवर मिशीला पीळ देत हे जाहीर केलं. समोर खालच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा गौरीशंकर मोबाईल धरून उभा होता.

"अण्णा, परत एकदा बोलता का? स्टोव्हचा लई आवाज आला."

वीरभद्र परत बोलला. आधीपेक्षा मोठ्यांदा. दहा मिनिटांत तो व्हिडिओ तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला, आणि वीस वर्षं तेल लावून वाढवलेली मिशी एका देखाव्यावर लटकली.

देखावा कसला, तर देवमासा मारणाऱ्या जहाजाचा. जुन्या काळी गोरे खलाशी दिव्याच्या तेलासाठी ध्रुवावर जायचे, जहाज बर्फात अडकायचं, महिनोन् महिने किडकी बिस्किटं खायचे, हातापायाची बोटं काळी पडून गळायची. वीरभद्रनं हे मोबाईलवर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे हाल लोहाऱ्यानं बघायलाच पाहिजेत, असं त्यानं ठरवलं.

उसाच्या ट्रॉलीला पत्रे ठोकून जहाज झालं. सोयाबीनच्या गंजीवरची काळी ताडपत्री फुगवून मासा झाला. माशाच्या पोटात पाठीवरचा फवारणी पंप घेऊन बलभीम बसणार, आणि डोक्यातून कारंजं उडवणार. शिवशरण आणि ईरण्णा खलाशी. हातात भाला घेतलेला कप्तान अर्थातच मिशीवाला.

तेवढ्यात वीरभद्रच्या चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष शंकरप्पा आले. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले, "भाला कशाला रे?"

"माशाला मारायला, अप्पा."

"गणपतीपुढं? माळकरी, लिंगायत सगळी गल्ली बघायला येणार. न्हाय जमायचं."

"अवं अप्पा, शिकारीला एवढ्या लांब जाऊन मग करायचं काय?"

"नेम चुकवायचा. बोर्डावर 'खलाशांचे हाल' लिवलंय न्हवं? मग हालच करून घ्या की."

म्हणून ठरलं, तीन तास भाला मारत राहायचा आणि दर वेळी नेम चुकवायचा.

बर्फाच्या चार लाद्या वडापच्या जीपमधून उमरग्याहून निघाल्या. ड्रायव्हरनं रिकामी जागा बघून लाद्यांवर पोती टाकली आणि अकरा माणसं बसवली. लोहाऱ्यात दोन लाद्या उतरल्या, आणि अकरा माणसं बूड झाडत उतरली.

"दोन बास!" वीरभद्र म्हणाला. "बर्फात अडकलेलं जहाज हाय ना? मग बर्फातच अडकलं पायजे!" आणि त्यानं ट्रॉलीच्या चाकाखालचे दगड काढून तिथं लाद्या सरकवल्या. चौकातून खालच्या गल्लीकडं चांगला उतार आहे, हे त्याला जन्मापासून माहीत होतं.

मिशीवर बर्फ दिसावा म्हणून त्यानं डिंकात भिजवलेला साबुदाणा थापला.

"अवं, त्यो दारं-चौकटी चिकटवायचा डिंक हाय," बायको शिवलीला म्हणाली.

"मग चांगलाच की! सुटणार न्हाय."

संध्याकाळी सहाला परीक्षक अर्पिता मॅडम आल्या. भूगोलाच्या रिटायर बाई. बोर्डावर 'उणे चाळीस' लिहिलेलं, आणि जहाजावर घोंगडी, माकडटोपी, रेनकोट घातलेले खलाशी घामानं निथळत थंडीनं कुडकुडत होते. ईरण्णा तर खरंच डोळे पांढरे करून आडवा झाला.

"काय अभिनय!" बाई म्हणाल्या आणि शिडी चढून थेट जहाजावर आल्या.

वीरभद्र हरखला. "बलभीम, सोड कारंजं!"

ताडपत्रीतून पिवळसर फवारा उडाला आणि बाईंच्या चष्म्यावर बसला. सगळ्या चौकात शेणाचा वास सुटला.

"बल्या! पंप धुतला न्हवता व्हय?"

"कशाला धुवायचा?" माशाच्या पोटातून आवाज आला. "पिकावर मारायचं जीवामृत हाय, देशी गाईच्या शेणाचं!"

वीरभद्रनं मिशीला हात लावला. गेली, असं त्याला वाटलं. पण बाईंनी चष्मा पुसला, नाक वर करून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वासासकट! अशा जहाजावर असाच वास असणार!"

तेवढ्यात खाली काहीतरी करकरलं. लाद्या कवडीएवढ्या उरल्या होत्या. जहाज हललं.

"कप्तान, जहाज चाललंय!" शिवशरण ओरडला.

"चालू दे, चालतं जहाज म्हणून जादा मार्क मिळतील!" वीरभद्र म्हणाला. मग त्यानं मागं बघितलं. गणपती लांब जात होता.

जहाज उतारानं सुटलं! बर्फ उडावा म्हणून कुलरसमोर ठेवलेला कापूस हवेत, टपरीवाला किटली घेऊन पायरीवर, शंकरप्पा धोतर धरून मागं. दोरीनं बांधलेला मासाही पाठोपाठ, आणि पोटातला बलभीम हातानं पंप हाणत ओरडतोय, "कुणीतरी सांगा की काय चाललंय!"

"बाई, घट्ट धरा!" वीरभद्र ओरडला. "आन् नंबराचं तेवढं बघा!"

अर्पिता मॅडम भाल्याला मिठी मारून ताठ उभ्या होत्या. "तीस वर्षं ध्रुव शिकवला!" त्या किंचाळल्या. "आज गेले!"

जहाज खालच्या गल्लीच्या मंडपात घुसलं, गौरीशंकरच्या देखाव्यातल्या धबधब्याची टाकी फोडली आणि त्या पाण्यात गपकन थांबलं. मासा मागून येऊन आदळला. कुणाला खरचटलंही नाही. ईरण्णा तेवढा गार पाण्यानं शुद्धीवर आला आणि त्यानं विचारलं, "ध्रुव आला का?"

जहाजाचा पहिला नंबर तिथंच, ओल्या माईकवरून जाहीर झाला. वीरभद्रनं गौरीशंकरकडं बघून मिशीला पीळ द्यायला हात नेला. मिशी वळेना. पत्र्यासारखी झाली होती.

गरम पाणी झालं, खोबरेल झालं, रॉकेल झालं. साबुदाणा फुगला, सुटला नाही. शेवटी शिवलीलानंच न्हाव्याला बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वीरभद्र चौकात खुर्चीवर बसला. गौरीशंकरनं मोबाईल धरला. न्हाव्यानं डावी बाजू काढली. उजव्या बाजूला वस्तरा मोडला.