चादरीखालचे हात

"पोछा खाली ठेव! एक थेंब पुसलास तर तुझीच चौकशी लावीन!"

धाकटी न्हाणीघराच्या दारातूनच ओरडली आणि सफाईवाली जागच्या जागी थिजली. फरशीवर रक्त होतं, रक्तात दोन दात होते आणि भिंतीवर डोकं आपटल्याच्या चार खुणा होत्या. एकवीस वर्षांच्या त्या कैदी पोरीला नुकतंच स्ट्रेचरवरून नेलं होतं. डाव्या डोळ्याचं काही खरं नाही, एवढंच डॉक्टरीणबाई जाताजाता म्हणाल्या.

"पाय घसरून पडली," दारातली शिपाईबाई म्हणाली.

"चारदा?" धाकटीने विचारलं. शिपाईबाई छताकडे बघू लागली.

धाकटी ही या बायकांच्या तुरुंगातली तपासनीस. आत मारहाण झाली, कुणी मेलं, की खरं काय ते शोधून लिहायचं हे तिचं काम. तिची थोरली बहीणही इथेच शिपाई होती, आणि तिने चारचौघांत "धाकटे, धाकटे" करून ते नाव अख्ख्या तुरुंगाच्या तोंडी बसवलं होतं. आज बारा वाजता धाकटीची तपासप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत होती. अटी तिला तोंडपाठ होत्या. बारा वर्षं चौकशीचं काम हवं, प्रशिक्षणाचा दाखला हवा, तीन वर्षांत एकही प्रकरण पुराव्याअभावी परत आलेलं नको. आणि शेवटची अट अशी, की नात्यातल्या माणसाची चौकशी केलेली नसावी. नातं कळताक्षणी हात थांबवून कागद दुसऱ्या तपासनिसाकडे द्यावेत. आता हा दुसरा तपासनीस म्हणजे असा महाभाग, की त्याच्या चौकशीत आजवर प्रत्येक जण पाय घसरूनच पडला होता. जागेसाठी त्याचाही अर्ज होताच.

धाकटीची कामाची रीत जगावेगळी होती. मारहाण झाली की पाळीवरच्या सगळ्या शिपाईबायांना ती दोरीवर टाकलेल्या चादरीमागे उभं करायची आणि चादरीखालून नुसते हात टेबलावर ठेवायला लावायची. चेहरा दिसला की ओळख आडवी येते, असं तिचं म्हणणं. "आली पडदेवाली, आता बाहुल्यांचा खेळ!" असं लोक हसून म्हणायचे. हसोत बापडे. तिचं एकही प्रकरण परत आलं नव्हतं.

चादर लागली. टेबलावर पाच जोड्या हात आले. पहिली जोडी कोरडी, स्वच्छ. फोटो. दुसरीची नखं रंगवलेली. फोटो. तिसरी लटलटा कापत होती, पण ओरखडासुद्धा नव्हता. फोटो. चौथ्या जोडीचे सांधे सोलून लाल झाले होते, एका सांध्यात दाताची कपची रुतून बसली होती. आणि उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

ती थोरलीची करंगळी होती. थोरली आज मुख्य दरवाजावर असायला हवी होती. पाळी बदलल्याचं कुणी धाकटीला सांगितलं नव्हतं.

ती करंगळी मोडली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. बापाने लोखंडी गज उगारला होता तो तिच्यावर, आणि थोरलीने आपला हात मध्ये घातला होता. मग बापाने तिलाच धरलं आणि स्वतः दमेपर्यंत मारलं. दुसऱ्या दिवशी थोरली धाकटीला घेऊन घराबाहेर पडली ती कायमची. तिने लग्न केलं नाही, पहाऱ्याची नोकरी धरली, धाकटीला शिकवलं. त्या हातांनीच धाकटीला वाढवलं होतं.

इथेच थांबायचं, असा नियम होता. थांबली असती तर दुसरा तपासनीस चहा पिऊन निवांत आला असता, तोवर हात धुतले गेले असते, कपची मोरीत गेली असती, आणि पोरगी पाचव्यांदा पाय घसरून पडली असती. धाकटीला रडू फुटत होतं. तिने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मग चिमट्याने कपची काढली आणि पाकिटात बंद केली. तो हात जरासा दचकला, पण मागे गेला नाही.

चादर काढली तेव्हा थोरली समोर सरळ बघत होती. तिसरी शिपाईबाई मात्र भडाभडा बोलू लागली. "पाणी मागितलं हो त्या पोरीने, नुसतं पाणी. तिसऱ्यांदा मागितलं, म्हणून..."

धाकटीने कागदावर लिहिलं, चौथी जोडी माझ्या बहिणीची आहे. खाली वेळ घातली, सही केली आणि प्रकरण सोडलं.

बाराच्या ठोक्याला मुलाखत सुरू झाली. बातमी तिच्याआधीच पोचली होती. अध्यक्ष म्हातारे आणि मायाळू होते.

"चादर काढल्यावरच तुम्हाला कळलं ना, बाई? म्हणजे फोटोनंतर? तसं असेल तर नियम मोडलेला नाही आणि तुमच्याइतकं पात्र दुसरं कुणीच नाही." ते "हो"ची वाट बघत थांबले.

"नाही साहेब. आधीच ओळखलं होतं."

"नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? ओळखलं, आणि मग फोटो काढला."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. कारकुनाने तिच्या अर्जावर 'अपात्र' लिहिलं, मूळ दाखले परत केले आणि पोच म्हणून सही घेतली.

थोरलीला दुपारीच निलंबित करून घरी पाठवलं होतं. दोघी एकाच घरात राहायच्या. संध्याकाळी धाकटी घरी आली, तेव्हा दार आतून बंद होतं आणि पायरीवर तिची बॅग भरून ठेवलेली होती.

"ताई, दार उघड."

 आतून, दाराला अगदी लागून आवाज आला, "जगली का ती?"

"जगली. डोळा गेला."

 मग थोरलीने विचारलं, "फोटो काढताना ओळखलं होतंस मला?"

"हो."

"बरं झालं. नसतं ओळखलंस, तर फार लागलं असतं मला."

"ताई, उघड ना गं."

"तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. जेवल्यावर घे. उपाशीपोटी घेऊ नकोस."

दार उघडलं नाही. धाकटीने बॅग उचलली आणि ती सावकाश पायऱ्या उतरू लागली.