द्रौपदीवहिनीचं नाक

बेलवलीला आमच्या गच्चीवर द्रौपदीवहिनी लेकीच्या लग्नाचे पापड वाळत घालत होती. हवेत किरणोत्सर्ग कुठून येतोय ते शोधणारा मिलिंद तिथे चढला. त्याचं यंत्र असं कडकडलं की कावळे थेट कर्जतला उडाले, मी पाहिलेत.

"उगम सापडेपर्यंत पापडांना हात लावू नका."

वहिनीला चैन पडेना. "कालपासून वाऱ्याला वास कसला येतोय? अंबरनाथचा आंबूस नव्हे, उल्हासनगरच्या जळक्या वायरीचा! चल, भाऊ."

नाक वर करून तिने त्याला उल्हासनगरच्या भंगाराच्या भट्टीपाशी नेलं. तिथे जुन्या यंत्रातली शिशाची डबी फोडून आतली किरणोत्सर्गी गोळी लोखंडात वितळवली होती. भट्टी बंद झाली.

"आता तळू?"

"नाही वहिनी, त्यांवर भट्टीची किरणोत्सर्गी राख बसलीय, गाडावे लागतील."

"गाड. आणि उद्या लाटायला तूच बस!"